पाळ, तुडूम, टेकडी: भंडारा-गोंदियाच्या तलावमुलखाची पार्श्वभूमी

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला आलेले पाहुणे तलावाच्या पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, उभे राहूनच विचारतात, "इथं जुनं काही बघायला आहे का?" ज्या मातीवर उभं राहून ते हे विचारतात, तिला तीनशे वर्षं होत आली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तलाव बांधण्यात तरबेज असलेल्या कोहळी समाजातले कोलू पाटील यांनी हा तलाव बांधला असं जुनी गॅझेटियर सांगतात. तेव्हाच्या मोजमापानुसार पाण्याचा पसारा पाच चौरस मैल आणि परीघ सतरा मैल. भोवतीच्या डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात. तलाव बांधताना या देवींनी कोलूला मदत केली, अशी समजूत. कोलू पाटील स्वतःही पुढे कोलासुर देव होऊन बसला. तलाव बांधणाऱ्या माणसाचा देव होतो, यावरून या मुलखात पाण्याला काय मोल होतं ते कळतं.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया वेगळा झाला आणि नवेगावसारखे मोठे तलाव नव्या जिल्ह्यात गेले. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे गावाच्या जमीनदारांच्या मालकीच्या) तलावांची, म्हणजे लोकांच्या तोंडी 'मामा तलावां'ची, संख्या साडेसहा हजारांहून अधिक भरते. बोड्या, म्हणजे खाजगी छोटी तळी, वेगळ्याच. इतके तलाव इथेच का, याचं उत्तर धानात आहे. पाऊस सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे कमी नाही. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. धान गर्भात असताना आणि दाणा भरताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, ओल हवी. पाऊस त्याआधी निघून गेला तर उभं पीक पोचट होतं. हातचं पीक राखायला एक-दोन पाणी पुरतं, आणि तलाव बांधले ते या एक-दोन पाण्यांसाठी. जमिनीखाली कठीण खडक, त्यामुळे विहिरींवर फार भिस्त ठेवता येत नव्हती. ठेंगण्या डोंगररांगा मात्र जागोजागी आहेत. दोन डोंगरांमधली खिंड मातीने बुजवली की मागे पाणी साचतं. कोहळ्यांचं कसब ही खिंड हेरण्यात होतं. नवेगावला उभं राहिलं की ते सरळ दिसतं: थोडीशी पाळ, आणि तिच्यामागे नजर पोचणार नाही एवढं पाणी.

तलाव पाहायचा तर त्याचे तीन भाग ओळखावे लागतात. पहिली पाळ, काही गावांत 'पार'. दुसरी सलंग, म्हणजे जादा पाणी निघून जाण्यासाठी पाळीच्या टोकाला सोडलेली सखल जागा. ती शक्यतो कठीण मुरमावर किंवा खडकावर घेतात, नाहीतर वाहतं पाणी तिला दरवर्षी खोल खात जातं. तिसरा भाग तुडूम. पाळीच्या आतल्या अंगाला पाण्यात उभा असलेला पोकळ दगडी हौद म्हणजे जुना तुडूम. त्याला वरपासून खालपर्यंत एकाखाली एक भोकं, प्रत्येकात लाकडी खुंटा ठोकलेला. पाणी हवं तेव्हा सर्वांत वरचा, पाण्याखाली नुकताच बुडालेला खुंटा काढायचा. हौदात पडलेलं पाणी पाळीखालच्या दगडी नाल्यातून पाटात जातं. पातळी उतरली की त्याखालचा खुंटा. भरल्या तलावात तळाचा खुंटा आधी काढला तर वरच्या पाण्याच्या दाबाने तो परत बसवता येत नाही आणि तलाव रिकामा होईपर्यंत वाहत राहतो. ही साधी गोष्ट ठाऊक नसलेल्याच्या हाती तुडूम देत नसत.

पाळ फुटते त्याची कारणंही याच तीन भागांत सापडतात. तुडुमाच्या नाल्याला लागून पाणी झिरपू लागलं की ते माती घेऊन जातं आणि आतून पोकळी होते. पाळीवर वाढलेलं मोठं झाड वाळलं की कुजलेल्या मुळांच्या वाटेने पाणी घुसतं. सलंगवर मासे अडवायला लावलेल्या जाळ्यांत काडीकचरा अडकला, किंवा जास्त पाणी राखायला तिथे दगड रचले, की एका रात्रीच्या पावसात पाणी पाळीवरून जातं. मातीची पाळ वरून वाहणारं पाणी सोसत नाही. उलट, वरच्या अंगाला ज्याची बांधी बुडते तो शेतकरी सलंग खाली करायला टपलेला असतो. तलावावरून झालेली बहुतेक भांडणं खोदून पाहिली तर सलंगच्या वितभर उंचीपाशी येऊन थांबतात.

या बांधकामामागे राज्यकर्त्यांचं एक साधं धोरण होतं. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला, त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन सारामाफ देण्याची रीत ठेवली. अशा जमिनीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहरातल्या तुकूम वस्तीच्या नावात तो शब्द अजून शिल्लक आहे. कोहळ्यांना गोंड राजाने काशीकडून आणलं अशी दंतकथा आहे. ती खरी असो नसो, तलाव आणि ऊस या दोन गोष्टींत त्यांचा हात धरणारा इथे कोणी नव्हता. १८५३ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं. पुढच्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात ब्रिटिशांनी मालगुजारांना गावाची मालकी दिली, तिच्यासोबत तलावही त्यांचे झाले. मालगुजार स्वतःचा तलाव म्हणून गाळ काढून घेई, पाळीवर माती टाकून घेई. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. लोकांचे निस्तार हक्क, म्हणजे गावाच्या वापराचे परंपरागत हक्क, कागदावर राहिले. दुरुस्ती मात्र कोणाची, याचा घोळ तेव्हापासून सुरू झाला. आज अनेक तलावांत गाळ आणि बेशरमची झुडपं दिसतात, त्याचं मूळ तिथे आहे. सरकारने गावाकडून तलाव घेतला, पण तलाव सांभाळणारी माणसं घेतली नाहीत, असं आमचं मत.

तलावांहून कितीतरी जुनं असं इथे पवनी आहे, नागपूरहून सुमारे ८० किलोमीटरवर. गावाला तीन बाजूंनी मातीचा तट आणि बाहेर खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूरची टेकडी हे प्रत्यक्षात विटांचे बौद्ध स्तूप निघाले. पहिल्याचा व्यास ३८ मीटरच्या आसपास, दुसऱ्याचा त्याहून थोडा जास्त, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचे. दगडी स्तंभांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत दात्यांची नावं आहेत. एका शिल्पात फणा काढलेला नाग असून त्याचं नाव, मुचलिंद (बुद्धावर फणा धरणारा नागराजा), शेजारीच कोरलेलं आहे.

इथे बहुतेकांचा विरस होतो. टेकडीवर गेल्यावर टेकडीच दिसते. कोरीव दगड जागेवर नाहीत आणि उघडलेल्या विटा ऊनपावसात टिकत नाहीत. म्हणून आधी नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चा 'अजब बंगला', पाहावं. महाक्षत्रप रूपिअम्म याचा लेख असलेला पवनीचा छायास्तंभ, म्हणजे स्मारकस्तंभ, तिथेच आहे. ते पाहून आलेल्याला टेकडीचा गोल घेर आणि तिच्यावर पायाखाली येणारे विटांचे तुकडे काही सांगू लागतात. तटाचा चढउतारही सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हातच नीट कळतो, भर दुपारी सगळं सपाट. पवनीजवळच गोसेखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी त्याची पायाभरणी झाली, आणि त्याच्या फुगवट्याने इथल्या पाण्याचा नकाशाच बदलला.

किल्ल्यांबाबत अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. तुमसरजवळच्या सातपुड्यातला आंबागड सर्वांत पाहण्याजोगा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार राजा खान पठाण याने तो १७०० च्या सुमारास बांधला, भोसल्यांच्या काळात तो कैदखाना झाला. कैद्यांना तिथल्या विहिरीचं विषारी पाणी पाजत, ही गोष्ट अजून सांगतात. गोठणगावजवळचा प्रतापगड हा अवशेषांपेक्षा महाशिवरात्रीच्या जत्रेसाठी आणि दर्ग्यासाठी ओळखला जातो. जत्रेच्या दिवसांत तिथे भग्नावशेष पाहायला जाऊ नये, गाडी वाटेतच अडकते. गोठणगावात १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे आणि जवळच गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, त्यामुळे दिवस वाया जात नाही.

नवेगावला हावडा-मुंबई मार्गावरच्या गोंदियाहून किंवा राष्ट्रीय महामार्ग ५३ वरच्या कोहमारा फाट्यावरून दक्षिणेला वळून जाता येतं. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. पावसाळ्यात जंगलाची फाटकं बंद असतात, पण तलाव भरताना पाहायचा तो तेव्हाच. पाळीवरची चिकणमाती ओली असताना चप्पल घालून चालू नये आणि सलंगवरून पाणी वाहत असेल तर घोटाभर दिसलं तरी ओलांडू नये, खाली शेवाळ असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तलाव भरलेला आणि धान पिवळं, पाळीवरून दोन्ही एका नजरेत येतात. हिवाळ्यात पाहुणे पक्षी. सारस पाहायचे तर महाराष्ट्रात गोंदियाशिवाय फारसा पर्याय नाही. ते पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं करतात. जवळ गेलं की जोडी उठते आणि अंडी उघडी पडतात, म्हणून बांधावरूनच दुर्बीण लावावी.

मे महिन्यात पर्यटक नसतात. पण तुडूम बुडापासून उघडा पडतो तो तेव्हाच, एकाखाली एक भोकं मोजता येतात. पाणी मागे सरलेल्या जागी गाळपेर, म्हणजे गाळाच्या ओलीवर केलेली पेरणी, झालेली असते. तिकडे दुचाकी घालू नये. वरची साय वाळून भेगाळलेली दिसते, पण खाली गुडघाभर चिखल असतो आणि गाडी काढायला बैलजोडी लागते.