कागद सादळतो तेव्हा

पावसाळ्यात ऑफिसांतून एक तक्रार हमखास ऐकू येते : “प्रिंटरमधून धूर निघतोय.” जळका वास नसतो, मशीन तापून बंद पडलेलं नसतं आणि प्रिंट काढणं थांबवलं की धूरही थांबतो. कारण तो धूर नसतोच. ती वाफ असते आणि ती निघते कागदातून. मशीन दुरुस्तीला पाठवायच्या आधी ट्रेमधल्या कागदाकडे बघावं, तो सादळलेला असतो.

पापड सादळतो हे आपल्याला माहीत आहे, कारण तो खाल्ला की कळतं. कागदाचं तसं नाही. हाताला तो कोरडाच लागतो. म्हणून थोडा हिशेब करू. ए-झिरो आकाराचा कागद एक चौरस मीटरचा असतो. तो चार वेळा निम्मा केला की ए-फोर, म्हणजे एका चौरस मीटरचा सोळावा भाग. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. तेव्हा 80 जीएसएमचा एक ए-फोर 5 ग्रॅमचा आणि 500 कागदांची रिम अडीच किलोची. कारखान्यातून बाहेर पडताना कॉपियर कागदात साधारण 4 ते 5 टक्के पाणी मुद्दाम ठेवलेलं असतं. म्हणजे ‘कोरड्या’ रिममध्येही अर्धा ग्लास पाणी असतंच. कोकणातल्या जुलैत, आर्द्रता 85-90 टक्क्यांवर असताना, तोच कागद उघडा राहिला तर पाणी 8-9 टक्क्यांपर्यंत जातं. अर्ध्या ग्लासाचा एक ग्लास होतो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर हे पडताळता येतं. नव्या रिममधले 100 कागद काढून लगेच वजन करा. मग ते दहा-दहाच्या गठ्ठ्यांत रात्रभर टेबलावर पसरून ठेवा आणि सकाळी पुन्हा वजन करा. भर पावसात पंधरा-वीस ग्रॅमची वाढ मिळायला हरकत नाही. तीन-चार चमचे पाणी हवेतून कागदात शिरलं.

हे पाणी कागदात कुठे जातं, हा यातला सगळ्यात सुंदर भाग आहे. पावसाळ्यात घराचं लाकडी दार फुगतं आणि चौकटीत अडकतं. ते अडकतं कुठे? बाजूला, कडी-कोयंड्याच्या अंगाला. उंचीत दार वाढलंय आणि वरच्या पट्टीला घासतंय असं क्वचितच होतं. कारण लाकडाचे तंतू दारात उभे असतात आणि तंतू पाणी प्यायला की जाड होतो, लांब जवळजवळ होत नाही. तंतूच्या भिंतीत सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म दोऱ्या बहुतांशी तंतूच्याच दिशेने वेटोळत गेलेल्या असतात. पाण्याचे रेणू या दोऱ्यांच्या मधे घुसतात, तिथल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांना चिकटतात आणि दोऱ्यांना एकमेकींपासून दूर सारतात. दोरी स्वतः ताणली जात नाही. पूर्ण कोरड्यापासून पूर्ण ओल्यापर्यंत गेला तर तंतू जाडीला वीस-पंचवीस टक्के वाढतो, लांबीला एखाददुसरा टक्का.

कागद म्हणजे याच तंतूंची चटई. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला कागद बनतो तो असा : पाण्यात कालवलेला लगदा वेगाने धावणाऱ्या जाळीवर ओतला जातो, आणि नदीतल्या ओंडक्यांसारखे बरेचसे तंतू प्रवाहाच्या दिशेने वळून बसतात. या दिशेला ग्रेन म्हणतात. सगळे तंतू त्याच दिशेला नसतात, पण कल तिकडे असतो. परिणाम दारासारखाच. सादळलेला कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो, ग्रेनच्या दिशेला कमी. चांगल्या ए-फोरमध्ये ग्रेन बहुधा लांबीच्या, म्हणजे 297 मिलिमीटरच्या बाजूने असतो. मग वाढ मुख्यतः 210 मिलिमीटरच्या रुंदीत दिसते, अर्धा-एक मिलिमीटर.

ग्रेन ओळखायची सोपी युक्ती : कागदाचा सुपारीएवढा चौकोन कापा, एका कडेवर पेन्सिलीने मूळ कागदाच्या लांबीच्या दिशेची खूण करा आणि ताटलीतल्या पाण्यावर अलगद तरंगवा. खालची बाजू आधी भिजते, ग्रेनच्या आडव्या दिशेला फुगते, आणि वरची कोरडी बाजू तिला आवरते. चौकोन नळीसारखा वळतो. नळीची लांबी ज्या दिशेला, ती ग्रेनची दिशा. काही मिनिटांनी पाणी वरपर्यंत पोचलं की नळी पुन्हा सपाट होते.

आता अर्धा मिलिमीटर. त्याने काय बिघडतं? रिम उघडी पडली की आधी कडा सादळतात, मधला भाग नंतर. झिरपण्याचा नियम असा की दुप्पट अंतराला चौपट वेळ लागतो. सुटा कागद तासाभरात हवेशी जुळवून घेतो, तर गठ्ठ्याच्या मध्यापर्यंत ओल पोचायला कित्येक दिवस लागतात. तोवर कडा लांब झाल्या आहेत आणि पोट आहे तेवढंच आहे. वाढलेली कड जाणार कुठे? ती लाटा घेते. आणि सगळ्यात मोठ्या लाटा 210 मिलिमीटरच्या कडेला येतात, कारण वाढ त्याच दिशेला जास्त. छोट्या लेझर प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा हीच आखूड कड आधी आत जाते. लाट रोलरखाली सपाट व्हायचा प्रयत्न करते, जागा मिळत नाही म्हणून चुणी पडते, कोपरा दुमडतो आणि कागद अडकतो. ट्रेमधून कागद आत ओढणारा पिकअप रोलर झिजलाय असा निष्कर्ष काढून तो बदलला जातो. जॅम मात्र तसाच राहतो.

कोरड्या हवेत हेच उलटं होतं. मे महिन्यात विदर्भात कडा आधी सुकून आखडतात, पोट फुगतं, आणि घर्षणाने आलेला स्थिर विजेचा भार जिरत नाही. कागद एकमेकांना चिकटतात आणि मशीन दोन-दोन ओढतं. अशा वेळी पत्ते पिसल्यासारखा गठ्ठा फडफडवला तर फायदा होतो. पावसाळ्यात मात्र तसं फडफडवणं म्हणजे प्रत्येक पानाला दमट हवा पाजणं.

दुसरा घोटाळा विजेचा. लेझर प्रिंटर आणि फोटोकॉपी मशीनचं तत्त्व एकच, चेस्टर कार्लसन यांनी 1938 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा जमवून दाखवलेलं. ड्रमवर, म्हणजे मशीनमधल्या फिरत्या नळकांड्यावर, भार असतो, टोनरची, म्हणजे कोरड्या शाईची, पूड त्या भाराने ड्रमवर चिकटते, आणि कागदाच्या पाठीला उलट भार देऊन ती पूड कागदावर ओढून घेतली जाते. हा उलट भार कागदाच्या पाठीवर टिकला पाहिजे, म्हणजे कागद विजेचा दुर्वाहक पाहिजे. सादळलेल्या कागदाचा विद्युतरोध कोरड्याच्या तुलनेत हजारो पटींनी घसरतो. भार निसटतो, टोनर अर्धवटच येतो आणि छपाई ठिपकेदार, फिकी दिसते. आपण लगेच म्हणतो, कार्ट्रिज संपलं. ‘झेरॉक्स’ या शब्दाच्या मुळाशी ‘कोरडं’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, हे इथे आठवावं.

पुढे फ्यूझर. जवळपास 180-200 अंश सेल्सिअसच्या रोलरखाली टोनर वितळून कागदात बसतो. तिथे पाणी उकळतं, ती आपली ‘धुरा’ची गोष्ट. त्यात दोन्ही बाजू सारख्या सुकत नाहीत, म्हणून कागद वळतो. एका बाजूची प्रिंट असेल तर वळलेला कागद बाहेर पडतो, एवढंच. पाठपोट छपाईत तोच वळलेला, गरम, सुकलेला कागद मशीनच्या पोटातून दुसरी फेरी मारतो. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ए-फोर कागद, किमान 75 जीएसएम आणि पाठपोट छपाई हे धोरण आणलं. कागद वाचतो, उत्तमच आहे. पण एकतर्फी छपाईत खपून जाणारा सादळलेला कागद दुसऱ्या फेरीत खपत नाही.

म्हणून निवड करताना पाठपोट किती छापणार, हे आधी ठरवा. कागदाचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 70 आणि 80 जीएसएममध्ये फरक सातातल्या एका भागाचा, पण ताठपणा जवळजवळ दीडपट. रोजच्या एकतर्फी मसुद्यांना 70 पुरतो, पाठपोटला 75 किंवा 80 घ्यावा. त्यापुढे ‘जितका जाड तितका चांगला’ हे खरं नाही. जाड कागदाला फ्यूझरची उष्णता जास्त लागते, सेटिंग बदललं नाही तर टोनर नखाने खरवडून निघतो. छापखान्यातून कापून आणलेली स्वस्त रिम घेण्याआधी कडेवरून बोट फिरवा. पांढरी भुकटी लागली तर ती उद्या पिकअप रोलरवर बसणार आहे. ग्रेनही आडवा असू शकतो, तेव्हा ताटलीचा प्रयोग करा. पुड्यावरचा बाण छापायची पहिली बाजू दाखवतो. ‘जॅम-फ्री’ हा शब्द मात्र उघड्या ट्रेतल्या कागदाबद्दल काहीच सांगत नाही. इंकजेटला पाण्याची शाई नेमकी किती शोषायची याचा वेगळा हिशेब असतो, तिथे पुड्यावर इंकजेट लिहिलंय का एवढं पाहिलं तरी चालतं.

साठवण. रिमच्या वेष्टनाला आतून प्लॅस्टिकचा किंवा मेणाचा थर असतो, तोच खरा रखवालदार. खोका आला की सगळे पुडे फोडून कपाटात रचायची सवय मोडा. खोके फरशीवर नकोत, फळीवर ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब. गोदामातून एसी खोलीत आणलेली रिम एक दिवस बंदच राहू द्या, मग फोडा. एसी संध्याकाळी बंद होतो आणि रात्रभर हवा पुन्हा दमट होते, म्हणून पावसाळ्यात ट्रेमध्ये त्या दिवसापुरताच कागद घाला, उरलेला वेष्टनात परत गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवा. सादळलेला कागद उन्हात टाकू नका आणि इस्त्री तर नकोच, एका अंगाने सुकून तो आणखी वळतो. खंडेनवमीला मशीनची पूजा करायची तर झाकणावर करा. ट्रेमध्ये उडालेलं हळदकुंकू म्हणजे टोनरच्या पुडीवर चालणाऱ्या मशीनमध्ये परकी पूड.

कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून निर्धास्त राहणारेही भेटतात. 50 ग्रॅम जेल फार तर पंधरा-वीस ग्रॅम पाणी धरतं, आणि एक उघडी रिम शंभर ग्रॅम मागते. जुन्या कचेऱ्यांत कागदाच्या कपाटात एक पिवळा बल्ब जळत असायचा. ती अंधश्रद्धा नव्हती. 27 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा नुसती 32 अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता 67-68 टक्क्यांवर येते. आगीचा धोका मात्र खराच होता. आता त्या बल्बांच्या जागी एलईडी आले आहेत. कपाटात उजेड तेवढाच पडतो, ऊब नाही, आणि कागद सादळतो.