प्रवासी बोटींची सुरक्षा तपासणी (ठाणे खाडी व नवी मुंबई)

प्रवासी बोटींची सुरक्षा तपासणी : भाडे घेऊन माणसे नेणारी लाँच, वॉटर टॅक्सी किंवा रो-रो (वाहनेही चढवून नेणारी) बोट पाण्यात जाण्याजोगी आहे का, हे सरकारी यंत्रणेने पाहण्याची आणि पाहत राहण्याची व्यवस्था. ठाणे खाडी, वसई खाडी आणि नवी मुंबईच्या किनाऱ्यावर हे काम मुख्यतः महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. १९९६ च्या राज्य कायद्याने स्थापन झालेल्या या मंडळाकडे राज्यातील ४८ लहान बंदरे असून ठाणे, कल्याण, भिवंडी, पनवेल आणि उलवे-बेलापूर ही त्यांतलीच.

खाडीतल्या बोटींना पूर्वी १९१७ चा कायदा लागू होता. त्याची जागा अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ ने घेतली. बोट बांधण्यापूर्वीच तिचा आराखडा मंजूर करून घेणे, नोंदणी, सर्वेक्षणाचे (म्हणजे बोटीच्या तांत्रिक तपासणीचे) प्रमाणपत्र, विमा आणि बोट चालवणाऱ्यांची पात्रता यांबाबतचे नियम आता देशभर एकसारखे झाले आहेत. लाटांच्या उंचीवरून पाण्याचे विभाग पाडले जातात आणि कोणती बोट कुठवर जाऊ शकते हे त्यावर ठरते. खुल्या समुद्रात जाणारी जहाजे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीत येतात.

सर्वेक्षणातला सर्वांत महत्त्वाचा भाग स्थिरतेचा. नवी बोट शांत पाण्यात उभी करून माहीत असलेली वजने डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवतात. आत टांगलेला लंबक किती हलला यावरून बोटीचा गुरुत्वमध्य, म्हणजे तिचे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानतात तो बिंदू, काढला जातो. प्रवासीक्षमतेचा आकडा या हिशेबातून आणि बसण्याच्या जागेतून येतो. बाकावर आणखी चार जण मावतात म्हणून तो वाढत नाही. वरच्या मजल्यावर गर्दी झाली की गुरुत्वमध्य वर सरकून बोट अस्थिर होते, आणि फोटोसाठी सगळे एका कठड्याशी गेले की बोट त्या बाजूला कलते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात लाटांच्या तडाख्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. हा इतिहास माहीत असलेला सर्व्हेअर कधीही क्षमतेचा आकडा हलक्याने घेणार नाही.

पुढच्या सर्वेक्षणांत बोट पाण्याबाहेर काढून तिचे बूड, सुकाणू आणि बोट पुढे ढकलणारा पंखा पाहतात. तळाशी साचणारे पाणी उपसणारा पंप चालवून बघतात, अग्निशामकाची मुदत तपासतात. लाईफ जॅकेटे मोजून भागत नाही. पट्टा तुटलेला नाही ना, शिट्टी आहे का, लहान मुलांच्या मापाची आहेत का आणि ती हाताशी आहेत की बाकाखाली दोरीने बांधून ठेवली आहेत, हे बघावे लागते.

प्रमाणपत्र मात्र तपासणीच्या दिवसाची स्थिती सांगते. रोजची सुरक्षितता धक्क्यावर ठरते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. या दुर्घटनेत १५ जणांचा मृत्यू झाला. वाचवलेल्यांपैकी अनेकांना उरणच्या जेएनपीए (जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण) रुग्णालयात आणले गेले. टक्कर प्रवासी बोटीमुळे झाली नव्हती. पण ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी एवढीच परवानगी असलेल्या बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती, हेही तेव्हाच उघड झाले. त्यानंतर लाईफ जॅकेट घालण्याची सक्ती झाली. माणसे मोजणे हे काही तांत्रिक काम नाही. तरीही तिकीट विकणाऱ्यावरच ती मोजणी सोडली, तर तपासणीच्या साखळीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक दुवा सुटतो.

अधिकारांची विभागणी हा दुसरा अवघड प्रश्न. बेलापूर जेट्टीवरून १७ फेब्रुवारी २०२२ रोजी वॉटर टॅक्सी सुरू झाली. तिथून मुंबईकडे निघालेली बोट लहान बंदराच्या हद्दीतून जेएनपीए आणि मुंबई बंदराच्या हद्दीत शिरते. बोटीची कागदपत्रे सागरी मंडळाची, पाण्यातली वाहतूक बंदर प्राधिकरणाची आणि अपघात झाला तर गुन्हा पोलिसांकडे. नेरूळची जेट्टी तर सिडकोने बांधलेली. प्रत्येकाचे काम कायद्याने ठरलेले आहे. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला धक्क्यावर कोणाचा माणूस उभा असतो, हे प्रवाशाला दिसले पाहिजे.

ठाणे खाडीची स्वतःची अडचण गाळाची. ओहोटीला दोन्ही काठांचा चिखल उघडा पडतो आणि बोटींना मधल्या अरुंद पाण्यातूनच जावे लागते. ऐरोलीहून रोहित पक्षी दाखवायला निघणाऱ्या बोटींचे वेळापत्रकही भरतीवर ठरते. म्हणून इथे बोटीचा तळ पाण्यात किती खोल जातो याची नोंद आणि सारंगाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, खाडीची असलेली ओळख यांना मोल आहे.

भाईंदर-वसई रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. अशा बोटीवर गाड्यांचे वजन दोन्ही बाजूंना सारखे वाटले आहे का, चाके अडवली आहेत का आणि रॅम्प नीट बंद झाला आहे का, हे प्रत्येक फेरीला पाहावे लागते. कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्र. ५३ असून कोलशेत, काल्हेर, डोंबिवली आणि मिरा-भाईंदर इथे जेट्ट्यांची योजना आहे. त्या सुरू होतील तेव्हा बोटींबरोबर धक्क्यांवरच्या निरीक्षकांचीही संख्या वाढवावी लागेल.