तीन किलोच्या कुत्रीला कोंबडीची मान

माझ्या ताईकडे चिंगी नावाची पॉमेरियन आहे. वजन बरोबर तीन किलो. गेल्या पावसाळ्यात सोसायटीतल्या कुणीतरी ताईला पटवलं की कुत्रा म्हणजे मुळात लांडगाच, त्याला कच्चंच घालायचं, पाकिटातलं सुकं खाणं आजपासून बंद. ताई उत्साही. तिने त्याच संध्याकाळी चिकनवाल्याकडून अर्धा किलो माना आणल्या आणि मला फोन केला, "एका वेळी किती देऊ रे?"

मी तिला एक मान स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायला सांगितली. ४० ग्रॅम भरली. हिशेब केला तर ६० किलोच्या माणसाच्या ताटात हाडासकट ८०० ग्रॅमचा एकच तुकडा वाढावा, तसं ते होतं. "अगं बाई," ताई म्हणाली, आणि माना फ्रीजरमध्ये गेल्या.

कच्च्या खाण्याची सध्याची लाट ऑस्ट्रेलियातून आली. १९९३ साली इयन बिलिंगहर्स्ट या तिथल्या पशुवैद्याने हाडं आणि कच्चं मांस हाच कुत्र्याच्या खऱ्या आहाराचा पाया, असा जोरदार प्रचार सुरू केला. त्याला 'बार्फ' हे नाव पडलं. पुढे या लाटेत ८०-१०-१० असं सुटसुटीत सूत्र निघालं: ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के कलेजी वगैरे अवयव. सूत्र तोंडपाठ व्हायला सोपं, म्हणूनच ते इतकं पसरलं असावं.

आधी लांडग्याचं बघू. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्र्यांचे आणि लांडग्यांचे जनुकसंच शेजारी शेजारी ठेवून तपासले. स्टार्च पचवणारं अमायलेज स्वादुपिंडात तयार करायला सांगणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या ४ पासून ३० पर्यंत सापडल्या, आणि स्वादुपिंडातली त्या जनुकाची हालचाल लांडग्याच्या २८ पट निघाली. माणसाच्या उष्ट्या भाकरीवर हजारो वर्षं वाढलेल्या प्राण्याच्या पोटात भाकरीची सोय होणारच. तेव्हा चिंगीने भात खाल्ला तर तिच्या पूर्वजांचा अपमान होत नाही.

पण माझी खरी तक्रार लांडग्याबद्दल नाहीच, मापाबद्दल आहे. कच्च्या आहाराचे बहुतेक ठोकताळे मोठा कुत्रा डोळ्यासमोर ठेवून मांडलेले असतात, आणि छोटा कुत्रा म्हणजे मोठ्या कुत्र्याची लहान केलेली प्रत नव्हे. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवून दिलं की प्राण्याला लागणारी ऊर्जा वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. ती साधारण वजनाच्या पाऊण घाताने वाढते. पशुवैद्य आजही तेच गणित वापरतात: वजनाचा ०.७५ घात काढायचा आणि त्याला ७० ने गुणायचं. एवढ्या कॅलरी नुसत्या पडून राहायला लागतात. घरात हिंडणाऱ्या, नसबंदी झालेल्या कुत्र्यासाठी त्याला आणखी १.६ ने गुणतात.

३० किलोच्या लॅब्रेडॉरला या हिशेबाने दिवसाला सुमारे १,४३५ कॅलरी लागतात, म्हणजे दर किलोमागे ४८. चिंगीला लागतात २५५, दर किलोमागे ८५. आता 'वजनाच्या तीन टक्के खायला घाला' हा लोकप्रिय नियम लावून पाहा. चिंगीच्या वाट्याला ९० ग्रॅम मांस येतं. बिनकातडीचं, छातीचं चिकन घेतलं तर १०० ग्रॅममध्ये जेमतेम १२० कॅलरी, म्हणजे तिला मिळाल्या १०८. निम्म्याहून कमी! लॅब्रेडॉरलाही याच नियमाने कमीच पडतं, पण त्याची तूट पाव हिश्श्याची. चरबीचं मांस वाढवून भरपाई करायला जावं तर छोट्या जातींपैकी काहींना, विशेषतः मिनिएचर श्नाउझर आणि यॉर्कशायर टेरियरना, स्वादुपिंडाला सूज येण्याची खोड असते, आणि तुपकट खाणं त्याला निमित्त ठरू शकतं.

याच मापाच्या घोळातला दुसरा सल्ला मला फार धोकादायक वाटतो: "नाही खाल्लं तर ठेव उपाशी, भूक लागली की खाईल." मोठा कुत्रा दीड दिवस रुसून बसला तरी निभावतो. अगदी छोट्या जातीच्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा इतका तुटपुंजा असतो की काही तास पोट रिकामं राहिलं तरी रक्तातली साखर घसरते, ते लटपटतं, झटकेही येऊ शकतात.

मग कॅल्शियम. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. प्रमाण साधारण १५ ते २० ला १. शरीराला मात्र कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं असतं. नुसतं खिमा-चिकन घालत राहिलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम उपसायला लागतात. पिल्लांची हाडं वाकतात, मोडतात. जबडा रबरासारखा मऊ पडल्याची वर्णनं पशुवैद्यकात आहेत. चिंगीला दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं, ते अंड्याच्या टरफलाच्या पाऊण ग्रॅम पुडीत मिळतं. पाऊण ग्रॅम म्हणजे मोठी चिमूट. अंदाजाने एक चमचा घातला तर ते सहा-सात पट झालं. म्युनिकमधल्या संशोधकांनी २०११ साली घरोघरच्या ९५ कच्च्या आहारांचा हिशेब तपासला होता, त्यातल्या ६० टक्क्यांत काही ना काही मोठी गफलत सापडली. ही मंडळी आपल्या कुत्र्यांच्या खाण्याबद्दल बेफिकीर नव्हती, उलट जास्तच काळजी घेणारी होती.

आता त्या फ्रीजरमधल्या माना. शिजवलेलं हाड चिरफळतं आणि कच्चं हाड सुरक्षित, असं सांगतात. पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागात अन्ननलिकेच्या रुंदीचा विचार नाही. घशात हाड अडकलेले कुत्रे दवाखान्यात येतात त्यांत छोट्या जातींचा भरणा जास्त असतो. नळी छातीच्या तोंडाशी, हृदयाच्या बुडाशी आणि पोटात शिरण्याआधी अरुंद होते, हाड तिथेच रुततं. चिंगी तर काहीच चावत नाही, गिळते.

कच्च्या मानेवर आणखी एक पाहुणा असतो, कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू. कोंबडीच्या आतड्यात तो गुपचूप राहतो, कोंबडीला त्याचा त्रास नसतो. मेलबर्न विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१८ मध्ये एका चमत्कारिक आजाराने लुळ्या पडलेल्या २७ कुत्र्यांची तुलना तो आजार नसलेल्या ४७ कुत्र्यांशी केली. या आजारात आधी मागचे पाय जातात, मग पुढचे, भुंकणंसुद्धा बदलतं. आजारी कुत्र्यांपैकी जवळजवळ सगळ्यांच्या खाण्यात कच्चं चिकन होतं. बाकीच्यांत ते प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास. आणि छोट्या जाती त्यात जास्त होत्या. या जंतूच्या पृष्ठभागावरचे काही रेणू मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखेच दिसतात. जंतूवर सोडलेल्या प्रतिपिंडांना फरक कळत नाही आणि ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जातात.

हे वाचताना पुणेकरांना काहीतरी आठवलं असेल. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गिया-बारे सिंड्रोमचे (जीबीएस, यात माणसाचे हातपाय लुळे पडतात) रुग्ण भराभर वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत हाच कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता. तिथे संशय पाण्यावर होता, कुत्र्यांचा त्यात काही संबंध नाही. पण कुत्र्यांचा तो आजार या माणसांच्या आजाराचा सख्खा भाऊ आहे. हा आजार दुर्मीळ आहे, कच्ची मान खाणारे बहुतेक कुत्रे धडधाकट असतात, हेही सांगायला हवं.

"कुत्र्याच्या पोटातलं ॲसिड सगळं जाळून टाकतं," हे ताईचं पुढचं वाक्य होतं. जेवणानंतर कुत्र्याच्या जठरातली आम्लता साधारण आपल्याएवढीच असते, आणि आपल्याला सॅल्मोनेला या जंतूमुळे जुलाब, ताप होतातच. कॅनडात १६ कुत्र्यांना सॅल्मोनेला असलेलं कच्चं खाणं दिलं, त्यांतल्या ७ कुत्र्यांच्या विष्ठेतून तो पुढचे काही दिवस बाहेर पडत राहिला. कुत्रे आजारी पडले नाहीत. म्हणजे चिंगी ठणठणीत राहील, आणि ती ज्याचं तोंड चाटते तो ताईचा दोन वर्षांचा नातू कदाचित राहणार नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले, तर १५ मध्ये सॅल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया हा आणखी एक जंतू निघाला. ते गोठवलेल्या, पाकीटबंद मालाचे आकडे. आपल्याकडे कोंबडी डोळ्यांदेखत कापली जाते आणि उघड्या ओट्यावर पडलेली असते. ताजी असते हे मान्य, पण थंड नसते.

फ्रीजरने सगळे जंतू मरत नाहीत, बरेचसे नुसते झोपतात. परोपजीवी मात्र गोठवल्याने बरेचसे मरतात, आणि आपल्याकडे ते महत्त्वाचं आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या कच्च्या कलेजीत आणि फुप्फुसात हायडॅटिडच्या गाठी असू शकतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे फीतकृमी वाढतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली की गाठी आपल्या यकृतात होतात. खाटकाकडून 'कुत्र्यासाठी' म्हणून फुकट मिळणारी पिशवी मी कधीच कच्ची देणार नाही.

कच्च्याचे गोडवे गाणारे सगळे खोटं बोलतात असंही नाही. ते मांस चांगलं पचतं, शी कमी आणि घट्ट होते, हाड चघळून दातांवरचं किटण कमी होतं. फक्त पचनाचा आणि चवीचा बहुतेक फायदा शिजवलेल्या मांसातही मिळतो, आणि ७४ अंशांना सॅल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर दोन्ही संपतात.

ताईने शेवटी कुकरच काढला. बोनलेस चिकन, थोडी कलेजी, भात, दुधीच्या फोडी, वर टरफलाची मोजलेली पुडी. जीवनसत्त्वं आणि खनिजं कोणती, किती, ते पशुवैद्याने लिहून दिलं. जुनं खाणं एका दिवसात तोडलं नाही. पहिले तीन दिवस चौथा हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, दहाव्या दिवशी पूर्ण. सहाव्या दिवशी चिंगीचं पोट बिघडलं, तेव्हा दोन दिवस मागे जावं लागलं. दर रविवारी ताई तिला उचलून वजनकाट्यावर उभी राहते आणि आपलं वजन वजा करते. तीन किलोच्या प्राण्याचं दीडशे ग्रॅम घटलं तर ते पाच टक्के असतं, आणि डोळ्यांना ते केसांखाली दिसत नाही.

माना अजून फ्रीजरमध्ये आहेत. त्यांचं सूप करायचं ठरलंय, माणसांसाठी.