आधी वागणूक, मग कायदा : नाशिकच्या पर्यावरण धोरणाची पार्श्वभूमी

पर्यावरणविषयक धोरण मुंबई-दिल्लीत ठरते आणि जिल्ह्याच्या वाट्याला फक्त अंमलबजावणी येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नाशिक जिल्ह्यातील गेल्या साडेतीन दशकांतील घडामोडी पाहिल्या, तर पाणी, नदी, मूर्तिविसर्जन आणि झाडे या विषयांत लोक आधी वेगळे वागू लागले किंवा रस्त्यावर आणि न्यायालयात गेले, आणि शासनाचा नियम त्यांच्या मागून आला, असेच बहुतेक वेळा आढळते. लोकभावनेचा हा प्रभाव सरसकट हितकारक ठरला असे मात्र म्हणता येणार नाही. गोदावरीवरील ज्या श्रद्धेतून नदी शुद्ध ठेवण्याची मागणी उभी राहिली, त्याच श्रद्धेच्या सोयीसाठी नदीच्या तळाशी काँक्रीटही ओतले गेले.

कायद्याची मूळ चौकट जुनी आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्येच, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी केला. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. नागरी भागांतील झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ चा आहे. आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण व नागरिकाचे कर्तव्य ठरले. नाशिक महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली तेव्हा हे सारे कायदे तयार होते. त्यांच्यामागे स्थानिक लोकांचा रेटा नसल्याने त्यांची धार बरीच वर्षे जाणवली नाही.

लोकांच्या वागण्यातून धोरण घडल्याचे जिल्ह्यातील सर्वांत ठळक उदाहरण वाघाडचे आहे, आणि शहरातील चर्चेत ते फार कमी वेळा येते, याचे वाईट वाटते. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ओझर परिसरातील शेतकऱ्यांपर्यंत नीट पोहोचत नव्हते. पाटबंधारे खात्याच्या पद्धतीत पाणी क्षेत्रावर आणि पिकावर आकारले जाई, वरच्या अंगाचे शेतकरी गरजेपेक्षा जास्त पाणी घेत आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला केवळ पाणीपट्टीची नोटीस मिळे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले, आणि १९९१ च्या सुमारास बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहून त्यांनी खात्याशी करार केले. करारानुसार खात्याने संस्थेला पाणी मोजून द्यायचे आणि संस्थेने ते आपल्या सभासदांत वाटून पाणीपट्टी वसूल करायची, असे ठरले.

करार केला म्हणून चारीवरची भांडणे आपोआप मिटत नाहीत. येथे ती कमी झाली, कारण मोजमाप सर्वांना दिसणारे होते. चारीच्या तोंडाशी बसवलेल्या मोजपट्टीवर पाण्याची उंची कोणालाही वाचता येई, तीवरून प्रवाह किती हे कळे, आणि आपल्या वाट्याचे पाणी संपले की बारी पुढच्याकडे जाई. संस्थांनी कालव्याचे पाणी नाल्यांवरील बंधाऱ्यांतही सोडले; त्यामुळे भोवतालच्या विहिरींची पातळी वाढली आणि ज्याला विहिरीचे पाणी मिळते त्यानेही पाणीपट्टीला हातभार लावावा, हा विचार शेतकऱ्यांना पटला. पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष मोजून मिळू लागल्यावर ते वाचवण्यात स्वतःचाच फायदा होता, आणि त्याचा पुढे या पट्ट्यातील द्राक्षबागा व ठिबक सिंचनाला मोठा आधार झाला. कालांतराने संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आले. राज्याने २००५ मध्ये सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला, तेव्हा वाघाडचा चौदा-पंधरा वर्षांचा अनुभव समोर होता. बागलाण आणि मालेगावकडील गावांनी मोसम व गिरणा नद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालवलेल्या फड पद्धतीचा वारसाही या भूमीत होताच. सामायिक पाणी सामायिक शिस्तीने वापरायचे, ही रीत खानदेश-बागलाणाला कायद्याने शिकवावी लागली नव्हती.

शहराच्या उत्तरेकडील बोरगडाची कथाही याच जातीची आहे. उजाड झालेल्या या डोंगरावर निसर्गप्रेमी संस्था, वनविभाग आणि पायथ्याची तुंगलदऱ्यासारखी गावे यांनी वर्षानुवर्षे झाडे लावली आणि चराईवर स्वतःहून बंधन घातले. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ ही तरतूद आल्यानंतर २००८ मध्ये बोरगडला तो दर्जा मिळाला. डोंगर त्याआधीच हिरवा होऊ लागला होता.

गोदावरीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे कोणा एका शेतकरी गटाचे हित नसून कोट्यवधी लोकांची श्रद्धा आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावून त्र्यंबकेश्वरमार्गे गंगापूर धरणात आणि तेथून शहरात येणाऱ्या या नदीला रामकुंडावर वर्षभर स्नान, दशक्रिया आणि अस्थिविसर्जनासाठी लोक येतात, आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा येतो. नदीकाठचे नियोजन दीर्घकाळ सिंहस्थाला धरून झाले. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास भाविकांना चिखल लागू नये, पाय घसरू नये, म्हणून पात्रातील कुंडांच्या तळाशी काँक्रीट झाले. त्याच सिंहस्थात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा जीव गेल्यामुळे पुढच्या नियोजनात गर्दीची सुरक्षितता हाच केंद्रबिंदू राहिला, आणि ते स्वाभाविकही होते. मात्र तळ बुजल्याने कुंडांतील जिवंत झरे बंद झाले, अशी तक्रार गोदाप्रेमी करू लागले, आणि सोयीच्या मागणीविरुद्ध प्रवाहाची मागणी उभी राहिली. प्रकरण न्यायालयात गेले आणि पुढे काही कुंडांतील काँक्रीट काढण्याचे काम स्मार्ट सिटीच्या योजनेतून हाती घ्यावे लागले. एकाच नदीच्या तळाशी, लोकभावनेच्याच नावाने आधी काँक्रीट घालणे आणि मग ते काढणे, अशी दोन्ही कामे शहराने सार्वजनिक पैशातून केली.

प्रदूषणाबाबत निर्णायक वळण २०१२ मध्ये आले. गोदावरी गटारीकरण विरोधी मंचाच्या कार्यकर्त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला उपाय सुचवण्यास सांगितले, वेळोवेळी आदेश दिले, आणि २०१८ च्या अखेरीस सविस्तर निर्देशांसह याचिका निकाली काढली. मलजल शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी (पाण्यातील सेंद्रिय घाणीचे माप) लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत असावी, हा निकष याच प्रक्रियेतून शहराच्या चर्चेत आला. जुनी केंद्रे ३० च्या निकषावर बांधलेली होती आणि त्यांचे आधुनिकीकरण हा तेव्हापासून महापालिकेच्या अंदाजपत्रकातील मोठा विषय आहे. नासर्डी, वाघाडी, वालदेवी या उपनद्यांतून येणारे सांडपाणी अडवल्याशिवाय गोदावरीतील पाणवेली आणि तपोवनाखालील फेस जाणार नाही, हेही या सुनावण्यांमुळे सर्वसामान्य नाशिककराला समजले. एका याचिकेने नागरिकांचे इतके प्रबोधन क्वचितच केले असेल.

न्यायालयाने घाटावरील वागणुकीकडेही लक्ष दिले. कपडे आणि वाहने धुणे, निर्माल्य व प्लॅस्टिकच्या पिशव्या पुलावरून भिरकावणे यांवर बंदी आली, पोलिसांची गस्त आणि दंड आला, पुलांना जाळ्या लागल्या. या भागाचे यश मर्यादित आहे. जेथे निर्माल्य कलश हाताशी होता तेथे लोकांनी तो वापरला. जेथे नव्हता तेथे पिशवी जाळीवरून टाकली गेली. गोधड्या धुण्यासाठी गोदाकाठी येणाऱ्या कुटुंबांच्या घरी पुरेसे पाणी येते का, हा प्रश्न दंडाच्या पावतीवर नसतो.

याच काळात मूर्तिविसर्जनाची रीत बदलली, आणि ती बदलण्यात विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे. विद्यार्थी कृती समितीने गोदाकाठी ‘देव द्या, देवपण घ्या’ हा उपक्रम सुरू केला. अनंत चतुर्दशीच्या दिवशी कुटुंब घाटावर येते, शेवटची आरती होते, मूर्ती पाण्यात बुडवून बाहेर काढली जाते आणि मग पात्रात सोडण्याऐवजी ती स्वयंसेवकाच्या हाती दिली जाते. विधी पूर्ण झाल्याचे समाधान राहते, म्हणूनच ही पद्धत आज्जी-आजोबांनाही मान्य झाली, असे माझे मत आहे. ‘विसर्जन करू नका’ असे सांगितले असते तर घाटावर वाद झाले असते. पुढे महापालिकेने प्रभागांत कृत्रिम तलाव केले, मूर्ती संकलन केंद्रे उघडली, आणि घरच्या घरी बादलीत पीओपीची (प्लॅस्टर ऑफ पॅरिसची) मूर्ती विरघळवण्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट मोफत वाटले. ही कृती पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पुढे आणलेली आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मूर्तिविसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१० ची. १२ मे २०२० रोजी ती सुधारून पीओपीच्या मूर्तींना मनाई करण्यात आली, पण मूर्तिकारांच्या उपजीविकेचा प्रश्न पुढे येताच तिला वर्षभराची स्थगिती मिळाली. उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बंदी कठोरपणे राबवण्यास सांगितले; जूनमध्ये मूर्ती घडवण्यास मुभा देऊन नैसर्गिक जलस्रोतांत परवानगीशिवाय विसर्जन नको, असे म्हटले; आणि जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करण्याचा आदेश दिला. म्हणजे पंधरा वर्षे मूर्तिकार, मंडळे आणि पर्यावरणवादी यांच्या ओढाताणीनंतर राज्य ज्या मार्गाला लागले, त्या मार्गावर नाशिकचे घरगुती गणपती आधीच चालत होते. मोठ्या मंडळांच्या उंच मूर्तींचा प्रश्न मात्र नाशिकलाही सुटलेला नाही.

लोकभावना प्रादेशिक होते तेव्हा काय घडते, हे २०१५ च्या दुष्काळाने दाखवले. समन्यायी पाणीवाटपाची, म्हणजे खोऱ्यातील वरच्या व खालच्या भागांत पाणी न्याय्यपणे वाटण्याची तरतूद राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात आहे. मेंढेगिरी समितीने तिचे गणित बसवले, २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला. त्यानुसार २०१५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर नाशिक-नगरच्या धरणांतून मराठवाड्यातील जायकवाडी धरणासाठी १२.८४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचे ठरले, तेव्हा नाशिकमध्ये सर्वपक्षीय आंदोलने झाली. त्याच्या काही आठवडे आधीच शाही स्नानांसाठी गंगापूर धरणातून पाणी सोडण्यात आले होते आणि टंचाईत असे पाणी द्यावे का, हा प्रश्न उच्च न्यायालयात विचारला गेला होता. पुढच्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले. वाघाडवर टेलच्या शेतकऱ्याचा हक्क ज्या जिल्ह्याने मान्य केला, त्याच जिल्ह्याला खोऱ्याच्या टेलला असलेल्या मराठवाड्याचा तोच हक्क मान्य करणे जड गेले, हे खेदाने नोंदवावे लागते. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व कायम ठेवले.

नियम आहे पण वागणूक बदलली नाही, याचे उदाहरण नायलॉन मांजाचे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी येवल्यासारख्या पतंगवेड्या शहरांत आणि नाशिकमध्ये संक्रांतीला पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे कापले जातच आहेत, आणि पोलिसांना विक्रेत्यांवर तडीपारीपर्यंत जावे लागते.

झाडांबाबत शहराचे मन दुभंगलेले आहे. रस्ता रुंदीकरणात वृक्षतोडीला विरोध झाल्याने गंगापूर रोडसारख्या रस्त्यांवर जुनी झाडे वाहतुकीच्या मधोमध राहिली. तेथे अपघात झाल्यावर तीच झाडे काढण्याची मागणीही नागरिकांकडूनच आली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मात्र विरोधाला वेगळीच व्याप्ती आली. २०२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम, म्हणजे साधूंची तात्पुरती वसाहत, उभारताना सुमारे अठराशे झाडे काढण्याची नोटीस महापालिकेने काढली, शेकडो हरकती दाखल झाल्या, सुनावणी वादळी ठरली, अभिनेते सयाजी शिंदे यांच्यासह अनेकांनी तपोवनात येऊन पाठिंबा दिला, आणि डिसेंबरमध्ये हरित लवादाने तोडीला अंतरिम स्थगिती दिली. शासनाने भरपाई म्हणून आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीहून मोठी रोपे आणून लागवड सुरू केली.

भरपाईच्या रोपांचे स्वागतच आहे, पण आंदोलकांचा मूळ आक्षेप क्रमाबद्दल होता. १९७५ च्या कायद्यातील हरकतीची तरतूद झाडावर नोटीस लागल्यानंतरची आहे; तोवर मांडवांची जागा, रस्ते आणि वाहनतळ आराखड्यात पक्के झालेले असतात आणि नागरिकाला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येते. साधुग्रामचा आराखडा प्रत्येक झाडाच्या नोंदीसह नोटिशीच्या आधी लोकांपुढे ठेवावा, कोणती रचना बदलली तर किती झाडे वाचतात हे त्यात दाखवावे, आणि सुनावणी त्या नकाशावर व्हावी, एवढी तरतूद नियमांत करायला नव्या कायद्याची गरज नाही. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ठरले आहे.