‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’: लग्न लांबलं की मोडलं?

‘त्यांच्याकडचं लग्न लांबलं’ आणि ‘त्यांच्याकडचं लग्न मोडलं’ या दोन वाक्यांत मराठी माणसाचा कधी घोटाळा होत नाही. पहिलं ऐकलं की आपण ‘मग आता कधीचा मुहूर्त?’ असं विचारतो. दुसरं ऐकलं की गप्प बसतो. इंग्रजीत ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ यांच्यात हाच फरक आहे, पण तिथे चांगली शिकलेली माणसंही अडखळतात. शेपटाला दोन्हीकडे ‘ऑफ’, आणि ‘ठरलेलं त्या दिवशी होणार नाही’ हा अर्थही दोन्हींतून निघतो, त्यामुळे ही जोडी डोक्यात एकाच खणात जाऊन बसते.

आमच्या शेजारचा एक मुलगा नुकताच नोकरीला लागला. इंग्लंडमधल्या क्लायंटला गुरुवारी डेमो द्यायचा होता, तो सोमवारवर गेला. त्याने मेलच्या विषयात लिहिलं, ‘डेमो कॉल्ड ऑफ’. आत सोमवारची वेळ व्यवस्थित दिली होती. पण समोरच्यांनी विषय वाचला, डेमो कॅलेंडरमधून काढून टाकला आणि मेल उघडलाच नाही. सोमवारी हा एकटाच स्क्रीनसमोर अर्धा तास बसून राहिला. पोराचं इंग्रजी कच्चं नाही. हा फरक त्याला कुणी नीट दाखवलाच नव्हता, याचं मला वाईट वाटलं.

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं, लांबणीवर टाकणं. काम अजून अंगावरच असतं, फक्त दिवस बदलतो. म्हणून त्याच्यापुढे ‘टिल मंडे’, ‘अंटिल नेक्स्ट वीक’ असं सहज जोडता येतं. ‘कॉल ऑफ’ला हे शेपूट लागत नाही. ‘कॉल्ड ऑफ टिल मंडे’ म्हणजे ‘सोमवारपर्यंत लग्न मोडलं’ म्हणण्यासारखं आहे. कुत्रा अंगावर धावून आला तर इंग्रजीत त्याच्या मालकाला ‘कॉल ऑफ युअर डॉग’ असं ओरडून सांगतात. हाक मारून मागे बोलावणं, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की अर्थ विसरत नाही. आपणही संप ‘मागे घेतो’, आंदोलन ‘मागे घेतो’. चौरीचौरानंतर फेब्रुवारी १९२२मध्ये गांधीजींनी असहकाराची चळवळ मागे घेतली, तिथे इंग्रजी पुस्तकांत ‘कॉल्ड ऑफ’ असतं.

दोन्ही क्रियापदं एकाच दिवशी पाहायची असतील तर १४ एप्रिल २०२१ आठवा. कोरोनाची दुसरी लाट चढत होती. त्या दिवशी सीबीएसईची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि बारावीची पुढे ढकलली गेली. म्हणजे दहावी ‘कॉल्ड ऑफ’, बारावी ‘पुट ऑफ’. ज्या घरात दोन्ही इयत्तांची मुलं होती तिथे एकाची पुस्तकं कपाटात गेली आणि दुसऱ्याची टेबलावरच राहिली. १ जूनला बारावीही रद्द झाली. ‘पुट ऑफ’चं ‘कॉल ऑफ’ असं होऊ शकतं, कारण टांगलेली गोष्ट कधीही खाली पडू शकते.

खेळातलं उदाहरण त्याच्या आदल्या वर्षीचं. मार्च २०२०च्या अखेरीस टोकियो ऑलिंपिक वर्षभराने पुढे गेलं आणि १ एप्रिलला विम्बल्डन रद्द झालं. टोकियोत खेळ २३ जुलै २०२१ला सुरू झाले, तरी नाव ‘टोकियो २०२०’च राहिलं. तेच ऑलिंपिक होतं, उशिरा आलेलं. २०२०चं विम्बल्डन मात्र कधी झालंच नाही. २०२१मध्ये झालं ते २०२१चं.

‘कॉल ऑफ’साठी हाक मारणारा कुणीतरी लागतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. हा संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही, तो हळूहळू विरत गेला. त्यामुळे त्याच्याविषयी इंग्रजीत ‘नेव्हर कॉल्ड ऑफ’ असंच लिहितात, आणि ते शब्दशः खरं आहे.

याच कारणाने ‘कॉल ऑफ’ शोभतं ते चारचौघांच्या गोष्टीला: लग्न, सामना, संप, शोधमोहीम. ती मध्यावर आली असली तरी चालतं, पावसाने सामना अर्ध्यात ‘कॉल्ड ऑफ’ होतो. आपल्या एकट्याच्या कामाला मात्र ‘पुट ऑफ’. दाताच्या डॉक्टरकडे जाणं आपण महिनोन्‌महिने टाळतो, ते ‘पुट ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’. इथे ‘टू गो’ म्हटलं की चुकलं, ‘गोइंग’च हवं. आणि ‘इट’ वापरायचं झालं तर ते मध्ये बसतं: ‘पुट इट ऑफ’, ‘कॉल इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ कुणी म्हणत नाही.

‘पुट ऑफ’ माणसालाही लागतं, आणि तिथे त्याचे अर्थ बदलतात. पैसे मागायला गेलं की समोरचा ‘उद्या या, परवा या’ करतो, ते ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’. त्याला आपल्याकडे टोलवणं हा नेमका शब्द आहे. वासाने जेवणावरची इच्छा उडाली, तर ‘द स्मेल पुट मी ऑफ’. गोलंदाज धावत येताना साइटस्क्रीनजवळ कुणी हललं आणि फलंदाजाचं लक्ष उडालं, तिथेही हेच. ‘कॉल ऑफ’ला यातलं काहीही जमत नाही. दिवा-पंख्यासाठी ‘पुट ऑफ’ आपल्याकडे घरोघरी चालतं, पण परदेशातल्या माणसाशी बोलताना ‘टर्न ऑफ’ म्हणावं.

आणखी एक खड्डा आपल्या ‘पुढे’ या शब्दात आहे. मराठीत तारीख पुढे गेली म्हणजे उशिराची झाली. इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे तारीख अलीकडे आणणं, ज्याला आपल्याकडच्या ऑफिसांत ‘प्रीपोन’ म्हणतात. ब्रिटिश माणूस उशिराच्या तारखेला ‘पुट बॅक’ म्हणतो. म्हणजे आपलं पुढे ते त्याचं मागे. ‘मूव्ह फॉरवर्ड’ तर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही फसवतं: बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘फॉरवर्ड’ सरकवली म्हटलं की कुणी सोमवार समजतो, कुणी शुक्रवार.

शेजारच्या मुलाला मी एवढंच सांगितलं की विषयातच दोन्ही वार लिही: ‘डेमो पुट ऑफ फ्रॉम थर्सडे टू मंडे’. ऑफिसच्या भाषेत ‘पोस्टपोन्ड’ जास्त बरं दिसतं, तेही चालेल. त्याच्या पुढच्या डेमोचा दिवस बदलला तेव्हा त्याने विषयात वार आणि तारखा दोन्ही घातल्या. पलीकडून दहा मिनिटांत ‘नोटेड’ आलं.