खूण जुळली म्हणजे टायमिंग जुळलं?

"पॉइंट बदलले तरी डिस्ट्रिब्युटर जुन्या खुणेवर बसवला की टायमिंग जागेवर," असं जुन्या पद्मिनी-अॅम्बॅसिडरवाल्यांत सांगितलं जातं. (डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, पॉइंट म्हणजे त्यातले उघड-मिट करणारे संपर्क, टायमिंग म्हणजे ठिणगी पडण्याची नेमकी वेळ.) पण खूण फक्त डिस्ट्रिब्युटरची जागा सांगते. ठिणगी पडते पॉइंट उघडताना. पॉइंटमधली फट वाढली की ते लवकर उघडतात, टायमिंग पुढे सरकतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते, आणि आंबा घाट चढताना इंजिन नॉकिंग (ठकठक आवाज) करू लागतं.

म्हणून आधी फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट, मगच टायमिंग. टायमिंग बघायची खूण इंजिनच्या पुलीवर असते; किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ती गंजते. घासून खडूने उठवा. कॉइलचं (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) डिस्ट्रिब्युटरकडचं टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये 12 व्होल्टचा बल्ब जोडा. गाडी न्यूट्रलला, इग्निशन चालू. इंजिन त्याच्याच दिशेने हाताने हळू फिरवा. बल्ब पेटला, तेव्हा पॉइंट उघडले. त्या क्षणी पुलीची खूण गाडीच्या पुस्तकात दिलेल्या अंशावर हवी. नसेल तर क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवा, पुन्हा तपासा.