कलम २३३ चा ‘नवा कायदा’ आणि आमचा भिशीचा ग्रुप

इंदूरला रामबागेतल्या आमच्या भिशीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा आला: ‘नवा कायदा! भारतीय दंड संहितेच्या कलम २३३ नुसार बलात्कार करू पाहणाऱ्याला स्त्रीने ठार मारलं तरी गुन्हा नाही.’ खाली पंधरा नमस्कार. काकूंनी तर तो छापून फ्रिजवर लावला.

कलम २३३ होतं खोटी नाणी पाडण्याची हत्यारं बनवण्याविकण्याबद्दल! बचावाचा हक्क होता कलम ९६ ते १०६ मध्ये, तोही १८६० पासून. बलात्काराच्या हेतूने हल्ला झाला तर हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत हा हक्क पोचतो, असं कलम १०० म्हणायचं. २०१३ मध्ये त्यात अ‍ॅसिडहल्ल्याची भर पडली. १ जुलै २०२४ पासून हे सगळं दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे; जुनं कलम १०० म्हणजे आता ३८. म्हणजे हक्क खरा, ‘नवा’ खोटा.

पण मेसेज मर्यादा गिळतो. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. धोका संपला की हक्कही संपतो. पळणाऱ्याला गाठून मारलं तर तो बचाव नव्हे.

बातम्याही कमी नाहीत. ‘चोराला मारणाऱ्यावरच गुन्हा!’ असा मथळा वाचून वाटतं, शिक्षाच झाली. गुन्हा नोंदवणं ही तपासाची सुरुवात असते. बचावाचा दावा आरोपीने मांडायचा असतो, मात्र सरकारी पक्षाइतका कडक पुरावा त्याच्याकडे मागत नाहीत. दावा संभाव्य वाटला तरी पुरतो. पुढे सुटका झाली, तर ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत.

काकूंच्या फ्रिजवर तो कागद अजून आहे. फक्त २३३ खोडून ३८ केलंय.